तीनशे ओहम आणि सेलूची लाइन

जुन्या कॅसेटींवरचा आवाज संगणकात उतरवायचा, खरखर कमी करायची, वेग सरळ करायचा आणि पेनड्राइव्हवर भरून द्यायचा, हे माझं सेलूतलं काम. परभणी, जिंतूर, पाथरी, मानवत या पट्ट्यात घराघरांतल्या लोखंडी ट्रंकांत अजून कॅसेटी आहेत. कुणाच्या आजोबांचं कीर्तन, कुठल्या गावच्या सप्ताहातला काकडा, लग्नात बायकांनी म्हटलेली गाणी. एखाद्या कॅसेटवर तर गावाकडच्या आईनं मुंबईतल्या मुलाला बोलून धाडलेली खुशाली. फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी, आणि भरणारा माणूस टेप कोपऱ्यात चालू ठेवून पंगतीला गेलेला. त्यातून जे निघेल ते काढायचं.

हे काम स्पीकरवर होत नाही. मोंढ्याकडे जाणाऱ्या गाड्या, हंगामात जिनिंगचा घरघराट, मनमाड-परभणी मार्गावरच्या रेल्वेचा भोंगा, हे सगळं खोलीत येतं. खोली जुन्या माळवदाची आहे, भिंती हातभर जाड, त्यामुळे आतला आवाज घुमत नाही. पण दार उघडंच ठेवावं लागतं, मार्चनंतर तर लागतंच. म्हणून हेडफोन. माझा सेनहायझरचा एचडी ६००, उघड्या पाठीचा, ३०० ओहमचा. लॅपटॉपला लावला की आवाज येतो, नाही असं नाही. पण कीर्तनकारानं आख्यानात आवाज खाली आणला, की पडद्यावरची आवाजाची पट्टी आधीच शेवटाला जाऊन बसलेली असते. लॅपटॉपमधली सोय ३२ ओहमच्या छोट्या इयरफोनसाठी असते. तीनशे ओहमला जास्त व्होल्टेज लागतं, आणि ते द्यायला मध्ये अॅम्प्लिफायर लागतो.

इथपर्यंत व्हॉल्व्हचा संबंध नाही. साधा ट्रान्झिस्टरचा किंवा आयसीचा हेडफोन अॅम्प्लिफायर हे काम चोख करतो, आणि माझ्या टेबलावर तोही आहे. तरी व्हॉल्व्हचा विचार डोक्यात आला, त्याला कारण ते तीनशे ओहमच. व्हॉल्व्ह व्होल्टेज द्यायला दिलदार, करंट द्यायला चिक्कू. ३२ ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज थोडं आणि करंट जास्त लागतो. तीनशे ओहमच्याला उलट. म्हणजे हेडफोन आणि व्हॉल्व्ह यांची पत्रिका जुळते की नाही, हे कानाच्या आधी ओहमनं ठरतं. 'व्हॉल्व्हचा आवाज ऊबदार असतो' एवढ्यावर विसंबून ज्यांनी कमी ओहमच्या हेडफोनसाठी असे अॅम्प्लिफायर घेतले, त्यांना फुगलेला, सैल खर्ज मिळतो, आणि कित्येकांना तीच ऊब वाटते.

यातलं गणित अवघड नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरचा स्वतःचा अडथळा शंभर-सव्वाशे ओहमच्या घरात असतो. एचडी ६०० नावाला ३०० ओहमचा. पण शंभर हर्ट्झच्या आसपास, जिथे पखवाजाची धूम असते, तिथे त्याचा अडथळा पाचशेच्या वर चढतो. अॅम्प्लिफायर १२० ओहमचा धरला, तर मधल्या पट्टीच्या मानानं त्या खर्जाला एक डेसिबलच्या आसपास जास्त मिळतं. एक डेसिबल म्हणजे कान टवकारले तर जाणवेल इतकं. तोच अॅम्प्लिफायर ३२ ओहमच्या हेडफोनला लावला आणि तो हेडफोन खर्जात साठ ओहमपर्यंत चढत असला, तर हा फरक चार डेसिबलवर जातो. ते मग कुणालाही ऐकू येतं. अॅम्प्लिफायरचा अडथळा हेडफोनच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा असा एक ठोकताळा आहे. त्या हिशेबानं माझी जोडीसुद्धा नापासच. पण एक डेसिबल नेमका कुठे वाढतो हे माहीत असेल तर त्याच्याशी जमवून घेता येतं.

बाजारात 'ट्यूब' म्हणून जे छोटे डबे मिळतात, त्यांतले बरेचसे संकरित असतात. पुढे एखादा व्हॉल्व्ह, मागे आयसी किंवा मॉसफेट, आणि हेडफोनला खरा जोर देणारी ती मागची मंडळी. यात वाईट काही नाही. अडथळा कमी राहतो, कुठलाही हेडफोन चालतो. खटकतं ते वेगळंच. १२एयू७ या व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकात अॅनोडला १०० ते २५० व्होल्टचे आकडे दिलेले असतात. या डब्यांत त्याला पुष्कळदा चोवीस-तीस व्होल्टांवर उपाशी ठेवलेलं असतं. आणि काचेच्या बुडाशी नारिंगी एलईडी. खऱ्या हीटरचा उजेड मंद, तोही इलेक्ट्रोडांच्या आड लपलेला; तो दुकानातल्या फोटोत उठून दिसत नाही, म्हणून ही रोषणाई. असा डबा ऐकायला वाईट नसतो, पण त्यातल्या व्हॉल्व्हसाठी जादा पैसे मोजू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्यापुढे मग दोन वाटा उरल्या. डार्कव्हॉइस ३३६ सारखा तयार चिनी अॅम्प्लिफायर मागवायचा, की इथेच जोडून घ्यायचा. निर्णय झाला तो लाइनमुळे.

सेलूत सगळे विजेला लाइनच म्हणतात, आणि ती आली-गेली एवढंच बोलतात. ती किती आली हे मल्टिमीटर सांगतो. रब्बीत शेतीपंप सुरू झाले की संध्याकाळी १८०, पंप बंद झाल्यावर रात्री उशिरा २५० किंवा २६०. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट हवे असतात, दहा टक्के इकडेतिकडे चालतात. साधा ट्रान्सफॉर्मर २३० ला ६.३ देत असेल, तर २६० ला तो ७.१ देतो आणि १८० ला ४.९. पहिल्यात आयुष्य घटतं. दुसऱ्यात कॅथोड पुरता तापत नाही, इलेक्ट्रॉन पुरेसे सुटत नाहीत, आवाज मरगळतो, आणि असाच चालवत राहिलं तर कॅथोडचा थरही खराब होतो. त्यातून यंत्रावर मुळात २२० लिहिलेलं असेल तर वरच्या अंगाचं दुखणं आणखी वाढतं. रिलेचा स्टॅबिलायझर लावता येतो, पण त्याचा दर टप्प्याला होणारा 'टक' हेडफोनमध्ये उतरतो. एखादी बाई हळू आवाजात पाळणा म्हणते आहे आणि मध्येच टक. फितीवरचा की आपला, हे शोधत मागे जावं लागतं. म्हणून या लाइनला सोसेल असा ट्रान्सफॉर्मर घालून इथेच जोडून घ्यायचं ठरलं.

स्टेशन रस्त्याला पूर्वी रेडिओ दुरुस्तीचं दुकान असलेले एक चाचा आहेत. वयानं थकले, दुकान बंद केलं, हात मात्र अजून थरथरत नाही. मर्फी, बुश, फिलिप्स, नॅशनल एको हे रेडिओ त्यांनी उघडून बसवलेले. ईसीएच८१, ईबीएफ८९, ईसीएल८२ हे आकडे त्यांच्या तोंडात पाढ्यासारखे. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं साठच्या दशकापासून असे व्हॉल्व्ह देशात बनवले, त्यांतले थोडे बीईएल छापाच्या खोक्यांत त्यांच्याकडे अजून आहेत. मी त्यांना जोडणीचा नकाशा दाखवला. पुढे १२एयू७, मागे ६०८०. अमेरिकेतल्या बॉटलहेड कंपनीचा 'क्रॅक' नावाचा जोडणी संच याच जोडीवर उभा आहे. चाचांनी १२एयू७ लगेच ओळखला, युरोपी नाव ईसीसी८२. ६०८० कडे मात्र बराच वेळ बघत राहिले.

"हा वाल रेडिओतला नाही, बेटा. हा पावर सप्लायचा. आवाजाला कशाला लावायलास?"

बरोबर होतं त्यांचं. ६०८० आणि त्याचा थोरला भाऊ ६एएस७ हे गाण्यासाठी जन्मलेच नाहीत. स्थिर व्होल्टेज देणाऱ्या पुरवठ्यात करंट वाहून नेणं हे त्यांचं मूळ काम. त्यांचा गुणक अवघा दोन, अंतर्गत अडथळा २८० ओहम. व्हॉल्व्हच्या जगात तो फारच कमी. त्या कमीपणामुळेच ट्रान्सफॉर्मरशिवाय ते हेडफोन हलवू शकतात. व्होल्टेज वाढवायचं काम १२एयू७ करतो, ६०८० फक्त ते वाहून नेतो. चाचांना हे पटलं, पण हीटरला अडीच अँपिअर लागतात म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. सोळा वॉट नुसती काच तापवायला.

ट्रान्सफॉर्मर परभणीला गुंडाळून घेतला. प्रायमरीला २१०, २३०, २५० असे तीन टॅप काढले आणि मागे फिरता स्विच बसवला. मीटर बघायचा आणि टॅप निवडायचा. १२एयू७ च्या हीटरला वेगळा नियंत्रित डीसी पुरवठा दिला, कारण गुणगुण शिरते ती बहुधा तिथूनच. सगळ्यात महागडी गोष्ट ट्रान्सफॉर्मरच ठरली, आणि तीच सगळ्यात योग्य होती. व्हॉल्व्हचा ब्रँड, केबल, सोन्याचा मुलामा दिलेले सॉकेट यांवर लोक जो खर्च करतात, तो आमच्याकडच्या लाइनवर तरी ट्रान्सफॉर्मरवर करावा.

सुट्या भागांसाठी सेलू तशी गैरसोयीची जागा नाही. देवगिरी एक्स्प्रेसच्या एका टोकाला मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दुसऱ्या टोकाला हैदराबादची कोठी. इलेक्ट्रॉनिक्सचे दोन्ही बाजार एकाच गाडीवर. चाचांच्या उमेदीच्या काळात माल हैदराबादहूनच यायचा, निजामाच्या काळापासूनची ती सवय. आता कुरिअर आहे. ६०८० नव्यानं फारसा कुणी बनवत नाही; मिळतो तो जुना साठा किंवा रशियन ६एन१३एस. १२एयू७ मात्र आजही बनतो, स्लोव्हाकियात चाद्‌त्सा गावी जेजे कंपनीचा कारखाना आहे, रशियात सारातोवला आहे, चीनमध्ये आहेत. २०२२ साली युक्रेनचं युद्ध पेटलं आणि रशियाचा माल अडकणार अशी आवई उठली, तेव्हा व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर वापरणाऱ्या जगभरच्या गिटारवाल्यांनी साठे करायला सुरुवात केली. त्या लाटेत सेलूतल्या माणसालाही एक १२एयू७ चढ्या भावानं घ्यावा लागला.

जोडणीच्या दिवसांत चाचांनी एकच नियम घालून दिला, तो त्यांच्या उस्तादांचा: यंत्र उघडं असताना एक हात खिशात. आत दीडशे-दोनशे व्होल्ट डीसी असतं आणि स्विच बंद केल्यावरही ते कपॅसिटरांत बसून राहतं. ते हळूहळू निचरून जावं म्हणून एक रेझिस्टर कायमचा लावलेला आहे, तरी हात घालण्याआधी मीटर लावायचाच. दुसरा नियम मी स्वतः केला. चालू करताना हेडफोन लावायचा नाही. आउटपुटचे कपॅसिटर भरताना जो धक्का येतो तो महागड्या हेडफोनच्या पडद्यानं का सोसावा? कॅथोड तापायला अर्धं मिनिट लागतं, आवाज जागेवर यायला पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात मी टेपचं हेड स्पिरिटनं पुसतो आणि रोलरवरची काळी भुकटी काढतो.

गुणगुणीनं मात्र पुष्कळ वेळ खाल्ला. कॅसेटच्या कामात गुणगुण हा त्रासही आहे आणि आधारही. मेनवर चालणाऱ्या टेपनं भरलेल्या कॅसेटवर ५० हर्ट्झची आणि तिच्या दुपटीची, म्हणजे १०० ची, बारीक गुणगुण उमटलेली असते. ती संगणकावर मोजली आणि ५० च्या जागी ५३ दिसली, तर भरताना टेप हळू फिरत होता आणि आता गाणं वर चढून वाजतंय असं समजावं. त्या काळी ग्रिडची वारंवारताही खालीवर व्हायची, म्हणून हा अंदाजच. पक्कं करायला पेटीची पट्टी बघायची. १०० हर्ट्झ जवळजवळ पांढरी पाचच्या खर्जात पडतं. कीर्तनकार काळी एकमध्ये गातोय आणि खाली कुणीतरी पांढरी पाच धरून बसलंय, असं ते ऐकू येतं. आता हीच गुणगुण माझ्या अॅम्प्लिफायरनं स्वतःची घातली तर फितीवरची कोणती आणि घरची कोणती?

लॅपटॉपचा चार्जर काढला की गुणगुण थांबायची, म्हणजे दोन अर्थिंगच्या वाटांची ती भानगड. घरच्या अर्थिंगचा खड्डा पाहिला. कोळसा आणि मीठ घालून केव्हातरी पुरलेला, वरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून पत्रा उघडा पडलेला. कोरड्या काळ्या मातीत अर्थिंग नावालाच राहतं. खड्डा नव्यानं भरला, वर पाइप ठेवला, आणि एप्रिल-मेमध्ये त्यात बादलीभर पाणी ओतायचं असा नेम लावला. शेजारच्यांना वाटतं तिथे मी काहीतरी लावलंय आणि ते उगवत नाहीये. लाइन गेल्यावर इन्व्हर्टर येतो; जुना चौकोनी लहरींचा होता तेव्हा ट्रान्सफॉर्मर करवतल्यासारखा कुरकुरायचा, साइन वेव्हचा घेतल्यावर ते थांबलं.

आता ऐकण्याबद्दल. दोन अॅम्प्लिफायर समोरासमोर ठेवून तुलना करायची तर आधी आवाज सारखा करावा लागतो, कारण थोडा मोठा असलेला आवाज आपल्याला चांगला वाटतो, मग तो कुठलाही असो. स्वस्त मल्टिमीटर एसी व्होल्टेज ४०० हर्ट्झपर्यंतच नीट मोजतो, म्हणून ४०० हर्ट्झचा सूर वाजवून दोन्हींचं व्होल्टेज हेडफोन लावलेला असताना जुळवायचं. असं केल्यावर 'जमीन-अस्मानाचा फरक' आटोपशीर होतो. उरतो तो खर्जातला मघाचा एक डेसिबल, आणि दुसरी गोष्ट, जिला मी खरी व्हॉल्व्हची चव म्हणेन.

साधा ट्रायोड आवाजात थोडी भर घालतो, आणि ती भर मुख्यतः दुपटीची असते. मूळ सूर षड्ज असेल तर दुप्पट म्हणजे तार षड्ज. तिप्पट म्हणजे तार सप्तकातला पंचम, तो कमी. तंबोरा लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही; तारेच्या पोटात हे सगळं असतंच, पाचव्या पटीचा स्वयंभू गंधारही तिथूनच येतो. व्हॉल्व्हची भर सुराच्या स्वतःच्या कुळातली असल्यामुळे ती दोष म्हणून कानाला टोचत नाही, आवाज जरा भरल्यासारखा वाटतो. मोठ्या आवाजाला ती वाढते, लहानाला नगण्य. एकट्या गळ्याला, एकतारीला, वीणेला हे शोभतं. शंभर माणसांच्या टाळांच्या गजरात मात्र सगळ्यांची भर एकमेकांत मिसळते आणि नुसता गोंगाट दाट होतो. टाळ असलेली कॅसेट मी व्हॉल्व्हवर ऐकतच नाही.

आणि कापाकापीचं कामही त्यावर करत नाही. खर्ज एक डेसिबलनं वाढलेला ऐकत बसलं की हात आपोआप फाइलमधला खर्ज कमी करतो, आणि दुसरीकडे वाजवल्यावर पखवाज टिमकीसारखा लागतो. खरखर काढतानाही तसंच. सॉफ्टवेअरनं खरखरीबरोबर गळ्यातली हवाही खाल्ली असेल, तर ट्रान्झिस्टरवर ते पोकळ आवाजात उघडं पडतं. व्हॉल्व्ह त्याच्यावर पांघरूण घालतो. ज्याला चूक शोधायची आहे त्यानं पांघरूण घालणारं यंत्र समोर का ठेवावं? म्हणून हेडचा तिरकेपणा बारीक पेचकसानं सरळ करणं, खरखर, वेग, सगळं साध्या अॅम्प्लिफायरवर. व्हॉल्व्ह चालू होतो तो कॅसेट प्रथम पूर्ण ऐकताना, काय आहे ते समजून घेताना. अनोळखी माणसाचं बोलणं तासभर ऐकायचं असतं, कान शिणत नाहीत. हा फायदा मोजता येत नाही, पण माझ्या धंद्यात तो खरा आहे.

व्हॉल्व्ह बदलून बदलून आवाज तपासत बसणं हा वेगळा छंद आहे, त्यात मी शिरलो नाही. चाचांच्या बीईएल खोक्यांत ईसीसी८३ होते. पिना त्याच, पण गुणक शंभर, १२एयू७ चा सतरा-वीस. आत बसतो म्हणून चालतो असं नसतं. हेडफोनच्या गाद्या दबल्यावर आवाजात जो फरक पडतो, तो चांगल्या स्थितीतल्या दोन १२एयू७ मधल्या फरकापेक्षा मोठा असतो, आणि गाद्या स्वस्त आहेत. व्हॉल्व्ह बदलायचा तो बिघडला म्हणून. काचेच्या माथ्यावरचा चंदेरी डाग पांढरा पडला की हवा आत शिरली, टाकून द्यायचा. पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारल्यावर हेडफोनमध्ये घंटा वाजली तर पुढच्या जागेला तो नालायक.

मे महिन्यात पारा बेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना टेबलावर चाळीस वॉटची शेगडी कुणाला हवी? तेव्हा तो पहाटे चालतो, नऊच्या आत बंद.

गिऱ्हाइकाला आता यातलं काही सांगत नाही. मागे मानवतहून एक जण आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेटी घेऊन आले. त्यांनी टेबलावरची लालसर काच पाहून, आवाज यातून काढला का, म्हणून विचारलं. काढला साध्या डब्यातून, ऐकला यातून, असं सांगितलं तर त्यांना ते फसवल्यासारखं वाटलं. फाइल त्यांनी तिथेच मोबाइलवर घेतली आणि उभ्या उभ्या स्पीकरवर लावली, शेजारी त्यांच्या आईंना ऐकवायला. मोबाइलच्या स्पीकरला पखवाजाची धूम जवळजवळ नसतेच; राहते ती चाटी, पेटीचा मधला भाग आणि शब्द. आईंना शब्दच हवे होते. तेव्हापासून पाठवण्याआधी प्रत्येक फाइल मी मोबाइलच्या स्पीकरवर एकदा लावतो, आणि शब्द पेटीखाली दबत असले तर दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास थोडं वर उचलून देतो.